आवाजाच्या वाटा

मे २०२० मध्ये मूर्तिजापूर-दर्यापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एक खोली कापसाची होती. जमिनीपासून थेट छताच्या फाट्यांपर्यंत सरकीसकट पांढरा कापूस. एरवी होळी-पाडव्यापर्यंत तो जिनिंगला गेलेला असतो, हिशेब होऊन उसनवारी फिटलेली असते. त्या वर्षी पाडवा आला २५ मार्चला, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. कापसाची खरेदी थांबली. पुढे सुरू झाली तेव्हा केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या आत घ्यायला लागले. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ५,५५० रुपये हमीभाव जाहीर होता, पण तो हातात पडायला आधी नंबर लागायला हवा होता. तोवर माल घरात. त्याच्याच बाजूला माणसं झोपायची, अंगाला खाज सुटायची, आणि बिडी-काडी घेऊन त्या दारासमोरूनही जायचं नाही अशी घरात ताकीद असायची.

अशा खोलीच्या दारात उभं राहून कुणाला हाक मारली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आवाज तोंडातून निघतो आणि तिथंच संपतो. आपण नेहमीसारखंच बोललो, तरी कुजबुजल्यासारखं ऐकू येतं.

याचं कारण असं, की साध्या खोलीत आपण आपला आवाज एकदाच ऐकत नाही. तो भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. ही सगळी परतलेली रूपं इतक्या झपाट्याने कानावर पडतात की मेंदू त्यांचा एकच भरदार आवाज करून टाकतो. कापसाच्या गंजीवरून मात्र जवळजवळ काहीच परत येत नाही. कापसाच्या एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. बोंडात असताना तो आतून पोकळ नळीसारखा असतो. बोंड उकललं की वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवतीच पीळ घेतो. असे अगणित पिळलेले तंतू एकमेकांवर सैल पडलेले, आणि त्यांच्या मध्ये सगळीकडे हवा. आवाज म्हणजे या हवेचंच पुढेमागे होणं. हवा त्या अरुंद फटींतून ये-जा करताना तंतूंना घासते, घासता घासता तिची हालचाल मंदावते, आणि गेलेल्या हालचालीची उष्णता होते. म्हणजे आपण हाक मारली की ती गंजी खरोखरच थोडीशी तापते. कोणत्याही घरगुती तापमापकाला कळणार नाही इतकी थोडी, पण तापते.

यातही भेदभाव आहे. बारीक, उंच पट्टीचा आवाज थोड्या कापसातही विरतो, जाड आवाजाला खोल थर लागतो. ढोबळ नियम असा, की आवाजाच्या लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतका थर असेल तर शोषण चांगलं होतं. सेकंदाला १,००० कंपनं असलेल्या आवाजाची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब, तिला नऊ सेंटिमीटरचा थर पुरतो. सेकंदाला १०० कंपनांच्या घोगऱ्या आवाजाची लहर साडेतीन मीटरची, तिला जवळपास मीटरभर जाडी लागते. म्हणून शहरातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत भिंतींना चार बोटं स्पंज लावून मुलीचा आवाज स्वच्छ होतो, पण तबल्याचा डग्गा घुमतच राहतो. डग्गाही गिळायचा तर पाचरींसारखे मीटरभर लांबीचे थर लावलेल्या खास प्रयोगशाळा बांधाव्या लागतात, त्यांना खर्च अफाट येतो. त्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याच्या घरात भिंतीपासून दहा फूट आत कापूस रचलेला होता, त्याच्याकडे जाड आवाजही गिळणारी खोली होती. त्याला ती नको होती. त्याला हवे होते पैसे, पेरणीच्या आधी.

हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण त्या उन्हाळ्याच्या शांततेबद्दल बोलताना ती फुकट मिळाली असं वाटू नये. एप्रिलच्या सुरुवातीला अमरावतीत आणि अकोल्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा या महामार्गाने मुंबई-पुण्याकडून निघालेले मजूर छत्तीसगड-ओडिशाच्या दिशेने भर उन्हात चालत होते, मिळेल त्या ट्रकवर बसत होते, आणि रस्त्याकडेच्या गावांनी त्यांच्यासाठी पाण्याचे माठ आणि भाकरी ठेवल्या होत्या. शांतता होती ती या सगळ्याच्या मधोमध. पण ती होती, आणि तिच्यात असं काही ऐकू आलं जे एरवीही आपल्याभोवती असतंच. मला सांगायचं आहे ते त्याबद्दल.

पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन सपाट आहे. काळी, खोल, मैलोगणती सपाट. डोंगर म्हणावा तर उत्तरेला लांबवर गाविलगडाची निळी रेघ. एप्रिल-मेमध्ये शेतं उघडी पडलेली असतात. पऱ्हाटी उपटून झालेली, तूर निघालेली, वखरलेली जमीन भेगाळत चाललेली. अशा रानात दुपारी धुऱ्यावर उभं राहून समोरच्या माणसाला हाक मारून बघा. दोन-तीन शेतांपलीकडे तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो, पण हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. वारा नसला तरी पोचत नाही. तोच माणूस रात्री त्याच जागेवरून साध्या आवाजात गड्याशी बोलला तर शब्द न् शब्द कळतो.

टाळेबंदीतल्या रात्री आमच्याकडे अंगणात बाजा टाकल्या की साडेनऊ-दहानंतर रेल्वेचा भोंगा यायचा. मुंबई-हावडा मार्ग आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. प्रवासी गाड्या २२ मार्चपासूनच थांबलेल्या होत्या, त्यामुळे जे ऐकू यायचं ते बहुतेक मालगाड्यांचं : धान्य, कोळसा, खत. आधी भोंगा, मग पुष्कळ वेळ पोलादाची एकसुरी धडधड. माझी चुलती एका रात्री उशीवरून डोकं न उचलता म्हणाली, "आज गाडी अंगणातूनच जाऊन रायली वाटते." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कितीही कान दिला तरी गाडीचा मागमूस नाही, जशा काही गाड्या रात्रीच धावतात.

गाड्या दिवसाही धावत होत्या. फरक हवेतला आहे.

गरम हवेत आवाज जोरात पळतो, थंड हवेत हळू. २५ अंशाला सेकंदात सुमारे ३४६ मीटर, ४५ अंशाला सुमारे ३५८. फरक मोठा नाही, पण पुरेसा आहे. काळी माती उन्हात ६० अंशांच्याही वर तापते. तिला चिकटलेला हवेचा थर सगळ्यांत गरम, डोक्याइतक्या उंचीवर त्याहून कमी, झाडाच्या शेंड्याला आणखी कमी. म्हणजे दुपारी निघालेल्या आवाजाची खालची बाजू पुढे पळते, वरची मागे रेंगाळते. औताला जुंपलेल्या जोडीतला एक बैल रेंगाळला की औत त्याच्याच बाजूला वळतं, तसा आवाज थंड हवेकडे, म्हणजे वर वळतो. तुमची हाक समोरच्या माणसाच्या डोक्यावरून आकाशात निघून जाते. काही शेकडो मीटरनंतर जमिनीलगत आवाजाची चक्क सावली पडते. उन्हाच्या सावलीत जसं ऊन नाही, तसा तिथं आवाज नाही.

याच दुपारी डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं चमकतं, ते मृगजळ. आकाशाचा उजेड तापलेल्या थराजवळ येतो आणि जमिनीला न लागताच वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून आकाश रस्त्यावर पडल्यासारखं दिसतं. उजेडाचा नियम आवाजापेक्षा वेगळा आहे. तो विरळ, गरम हवेतून थोडा लवकर सुटतो, पण परिणाम तोच, गरम जमिनीपासून दूर वळणं. मृगजळ दिसत असेल तेव्हा समजावं की आपली हाकही दूरवर पोचणार नाही. एकाच तापलेल्या जमिनीने डोळ्यांना खोटं पाणी दाखवलं आणि कानांपासून खरा आवाज लपवला. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी भर बारा वाजता टोपी घालून शेताकडे गेलो होतो, नुसतं बघायला.

सूर्य मावळला की सगळं उलटतं. वऱ्हाडातलं उन्हाळी आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. ढगांचं पांघरूण नाही, दमटपणा नाही, त्यामुळे जमिनीतली ऊब झपाट्याने अवकाशात निघून जाते. दुपार आणि पहाट यांत पंधरा-सोळा अंशांचं अंतर सहज पडतं. मुंबईत मे महिन्यात ते याच्या निम्मंही नसतं. आता जमिनीलगतची हवा सगळ्यांत थंड आणि वरची गरम. वर निघालेला आवाज वळून परत खाली येतो, सपाट जमिनीवर आपटतो, पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतो. असा ठेपा घेत घेत तो मैलोगणती जातो. वाटेत बारीक सूर हवाच खाऊन टाकते. जाड आवाज टिकतो. म्हणून दहा-बारा किलोमीटरवरून भोंगा येतो, धडधड येते, पण गार्डची शिट्टी कधीच येत नाही. गाडीकडून आपल्याकडे मंद वारा असेल तर आणखी सोय. वारा वरच्या थरात जोरात आणि जमिनीलगत हळू वाहतो, त्यामुळे तोही आवाजाला खालीच दाबतो. "हवा फिरली" असं जुनी माणसं म्हणतात तेव्हा त्यात हे भौतिकशास्त्र पुरतं बसलेलं असतं.

एरवीही हे रोज रात्री घडतं. पण एरवी रात्री दहाला गावात कुठंतरी टीव्ही चालू असतो, कुणाच्या लग्नाची वरात असते, महामार्गावर ट्रकांची रांग असते. आवाज येतच असतो, वाट मोकळी नसते.

पहाटेच्या पक्ष्यांचंही असंच. त्या उन्हाळ्यात सगळे म्हणाले, पक्षी किती जोरात ओरडतात! कोकिळ तर नेहमीचा. आंब्याला कैऱ्या लागल्या की तो कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून दिवसभर हाका घालतो, आणि मेअखेरीस त्याच्या जोडीला पावशा सुरू होतो. पण ते खरंच जोरात ओरडत होते का? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या एका चिमणीची जुनी ध्वनिमुद्रणं २०२० च्या वसंतातल्या मुद्रणांशी ताडून पाहिली. निष्कर्ष उलटाच निघाला. पक्षी हळू गात होते. रहदारीवर मात करायला पूर्वी त्यांना ओरडावं लागायचं, आता गरज उरली नव्हती. हळू गाऊनही त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरापर्यंत ऐकू जात होतं, आणि सूर अधिक भरलेले होते. त्या शहराचा गोंगाट १९५० च्या दशकातल्या पातळीला उतरला होता. आपल्या कोकिळेवर असा अभ्यास झालेला माझ्या वाचनात नाही, पण ऐकणाऱ्याचा कान तिथलाही तोच आणि इथलाही तोच : आपल्याला जोर वाटला, तो बाजूचा गोंगाट गेल्याचा.

आमच्या शेताच्या कोपऱ्यात टिटवीने चार अंडी घातली होती. घरटं म्हणजे काय, तर ढेकळांमध्ये केलेला उथळ खळगा आणि भोवती खडे. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत करून मांडलेली. ती पायाशी असली तरी दिसत नाहीत. दिसते ती डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देणारी टिटवी. माती ६० अंश तापते तिथं अंडी शिजत कशी नाहीत? टिटवी भर दुपारी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. आणि जवळ पाणी असेल तर ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, तशीच ओली परत येते आणि अंड्यांवर बसते. पिसांतलं पाणी वाळताना अंड्यांची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टाकून वऱ्हाड शतकानुशतकं जे करत आलं, ते हा पक्षी आपल्या पोटानं करतो. कोरडी हवा असल्यामुळेच हे जमतं. हवेत दमटपणा असता तर पाणी वाळलं नसतं आणि अंडी गार झाली नसती.

शांत झालं होतं ते फक्त हवेतच नाही. जमिनीलाही आवाज असतो. भूकंपमापक यंत्रांना तो कायम ऐकू येतो : गाड्या, कारखाने, यंत्रं, लाखो माणसांची पावलं यांनी जमीन सतत थोडी थरथरत असते. सेकंदाला चार ते चौदा वेळा, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या खाली. बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्वेटरीतल्या थॉमस लेकॉक यांच्या पुढाकाराने जगभरच्या शास्त्रज्ञांनी ११७ देशांतल्या २६८ केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या आणि जुलै २०२० मध्ये छापल्या. ही मानवी थरथर काही ठिकाणी निम्म्याने कमी झाली होती. जमिनीत शेकडो मीटर खोल पुरलेल्या यंत्रांनाही ते जाणवलं. इतका दीर्घ आणि इतका सर्वदूर निवांतपणा यंत्रांच्या नोंदीत आधी कधी सापडलेला नव्हता. आपण बाजेवर पडून रेल्वेचा भोंगा ऐकत होतो, तेव्हा बाजेखालची जमीनही गप्प झाली होती, आणि ते आपल्याला कळायचा काही मार्गच नव्हता.

बाजेवर पडल्यावर डोळे पश्चिमेला जायचेच, कारण तिथं शुक्र होता. त्याची आणि टाळेबंदीची तारखांची जुळणी मला अजून नवलाची वाटते. २४ मार्च २०२० ला शुक्र संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, ४६ अंशांवर गेला. दुसऱ्याच दिवसापासून माणसं घरात बसली. ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला. साध्या डोळ्यांनीही दिसायचं, सहा बारीक तारे आणि त्यांना जवळजवळ झाकून टाकणारा एक लखलखता. एप्रिलच्या अखेरीस तो सर्वांत तेजस्वी झाला, इतका की अमावास्येच्या आसपास दिवे नसलेल्या रानात त्याच्या उजेडानं हाताची फिकट सावली पडते. मग तो भराभर खाली उतरू लागला. मेच्या शेवटी साध्या दुर्बिणीतून तो चंद्राच्या कोरीसारखा बारीक दिसत होता. १ जूनपासून टाळेबंदी उठवायला सुरुवात झाली आणि ३ जूनला शुक्र पृथ्वी-सूर्याच्या मध्ये येऊन दिसेनासा झाला.

या जुळणीला अर्थ नाही. शुक्राला आपल्या साथीशी काही देणंघेणं नाही. पण त्याच्या वेळापत्रकाचा कणखरपणा पाहा : पृथ्वी सूर्याभोवती ८ फेऱ्या मारते तेवढ्यात शुक्र जवळजवळ बरोबर १३ मारतो. त्यामुळे दर आठ वर्षांनी तो त्याच तारखांना त्याच जागी येतो. ३ एप्रिल २०१२ ला तो कृत्तिकांतच होता. २०२८ च्या एप्रिलच्या सुरुवातीलाही तिथंच असेल. ज्यांनी २०२० मध्ये तो पाहिला नाही, त्यांनी त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तासाभराने पश्चिमेला पाहावं.

मे सरत आला तसं ऊन असह्य झालं. २३ मेच्या दुपारी, सव्वाबारा वाजून दोन-तीन मिनिटांनी, अकोल्यात सूर्य थेट डोक्यावर आला आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच गेली. अमरावती थोडी उत्तरेला, तिथं हे एक-दोन दिवसांनी. वर्षातून दोनदा हा शून्य सावलीचा क्षण येतो, पण जुलैतला दुसरा आपल्याकडे ढगांमागे वाया जातो, म्हणून पाहायचा तो मेमधलाच. त्याला ना दुर्बीण लागते ना पुस्तक. अंगणात उलटा ठेवलेला स्टीलचा ग्लास पुरतो. लगोलग २५ मेला नवतपा लागला, आणि त्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला. नऊ दिवस ताप असतो ही जुन्यांची गणना आणि सूर्य माथ्यावरून सरकण्याची ही वेळ एकमेकींना चिकटूनच येतात. ढग अजून नाहीत, मातीत ओल उरलेली नाही, आणि ऊन सरळ खाली. मग ते ऊन हवा तापवण्याखेरीज दुसरं करणार काय?

त्याच आठवड्यात उत्तरेकडून टोळ आले. मध्य प्रदेशातून सातपुडा ओलांडून मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात, तिथून पुढे वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत. टोळधाड हा शब्द आमच्या पिढीने फक्त पुस्तकात वाचलेला. आणि आता लोक रानात डबे, ताटं, पिंपं घेऊन धावत होते. दोन महिन्यांच्या शांततेनंतरचा तो पहिला खरा गलका.

हे टोळ निघाले कुठून, ते पाहण्यासारखं आहे. २०१८ च्या मेमध्ये 'मेकुनू' आणि ऑक्टोबरमध्ये 'लुबान' अशी दोन वादळं अरबस्तानाच्या दक्षिणेला धडकली, आणि रुब-अल-खालीच्या वाळवंटात, जिथं वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, तिथं तळी साचली. ओल्या वाळूत अंडी, अंड्यांतून पिलं, पिलांच्या पुढच्या पिढ्या. मग इराण, पाकिस्तान, राजस्थान, मध्य प्रदेश, आणि अखेर आमची संत्री. अरबी समुद्रातल्या वादळाचा हिशेब दोन वर्षांनी वरुडच्या बागेत चुकता होतो, हे नकाशावर बोट फिरवल्याशिवाय पटत नाही.

आणि टोळ हा मुळात दुसरा कुणी नाहीच. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा साधा, मातकट, लाजरा नाकतोडा असतो. दुसरा टोळ दिसला तर बाजूला सरकतो. पण चारा आटला आणि सगळे एकाच हिरव्या तुकड्यावर दाटीनं आले की मागच्या पायांना एकमेकांचा धक्का लागत राहतो. त्या स्पर्शाने त्याच्या शरीरात सेरोटोनिन हे रसायन वाढतं, आणि दोन तासांत त्याचा स्वभाव पालटतो. आता तो गर्दीकडे ओढला जातो. पुढे रंगही बदलतो. २००९ मध्ये ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. ज्या उन्हाळ्यात माणसं एकमेकांपासून सहा फूट दूर उभी राहत होती, त्याच उन्हाळ्यात एका कीटकाच्या निव्वळ दाटीने झालेलं रूपांतर आमच्या दारात आलं. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि एका दिवसात ते सुमारे ३५,००० माणसांना पुरेल एवढं अन्न फस्त करतात. प्रत्येकाचं वजन जेमतेम दोन ग्रॅम.

ताटं वाजवून ते जातात का? टोळाला कान असतात, पण डोक्यावर नाहीत. पोटाच्या पहिल्या कड्याच्या दोन्ही बाजूंना, पंखांखाली, एकेक ताणलेला पातळ पडदा असतो, आणि हवेची थरथर त्याला तिथं कळते. गलका झाला की थवा उठतो हे खरं. पण उठून तो शेजाऱ्याच्या शेतात बसतो, कारण दिवसा त्याचं शरीर तापलेलं असतं आणि उडणं सोपं असतं. मारायचा तर रात्री. अंधार पडला की टोळ झाडाझुडपांवर बसतात आणि सकाळी ऊन लागून अंग गरम होईपर्यंत हलत नाहीत. त्यामुळे मोर्शी-वरुडकडे कृषी खात्याची माणसं, अग्निशमन दलाचे बंब आणि शेतकऱ्यांचे फवारणीचे ट्रॅक्टर रात्रीच्या अंधारात आणि पहाटे बागांमध्ये फिरले. दिवसभर ४५-४६ अंशांत आणि मग रात्रभर बागेत. त्या माणसांचं नाव कुठं छापून आलं नाही, पण बागा वाचल्या त्या त्यांच्या जागण्यामुळे.

३ जूनला 'निसर्ग' हे चक्रीवादळ अलिबागच्या खाली किनाऱ्यावर आदळलं. कोकणात त्याने माड, सुपारी, घरांची छपरं नेली. दुसऱ्या दिवशी विरत विरत ते पश्चिम विदर्भावर आलं, आणि पारा पडला. त्या आधीचे काही दिवस संध्याकाळी मेळघाटाच्या बाजूला वीज लवलव करायची, पण आवाज काहीच नाही. मुकी वीज, म्हणतात पोरं. ती मुकी नसते. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे सहसा पोचत नाही, आणि संध्याकाळी जमीन अजून तापलेली असेल तर तो आपल्या डोक्यावरून वरच निघून जातो, दुपारच्या हाकेसारखाच. उजेड मात्र शंभर किलोमीटरवरूनही दिसतो, कारण ढगांचे उंच माथे उजळतात.

म्हणून आवाज यायला लागला की समजायचं, ढग जवळ आला. वीज चमकली की मोजायला लागा, एक, दोन, तीन. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडाट कानावर आला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज तुमच्याच धुऱ्यावर पडू शकते. तेव्हा वखर-बैल सोडून, एकट्या उभ्या झाडाखाली न थांबता, पक्क्या घरात यायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास तिथंच राहायचं. विदर्भात दरवर्षी मृगाच्या सुरुवातीला वीज पडून माणसं जातात, बहुतेक शेतात, बहुतेक झाडाखाली.